नव्वद किलोच्या पत्र्यावर दोन टनांचा भार

दोनशे लिटरचं एक रिकामं लोखंडी पिंप घ्या. तेच ते, तेलाचं किंवा डांबराचं, रस्त्याच्या कामावर कडेला पडलेलं दिसतं ते. बूच घट्ट बसवा आणि तळ्यात ढकला. पिंपाचं स्वतःचं वजन साधारण २० किलो. पाणी मात्र त्याला २०० किलोपर्यंत पेलायला तयार असतं! वीस वजा केले, १८० उरले. म्हणजे ७५ किलोची दोन धडधाकट माणसं एका पिंपावर, आणि वर तीस किलोचं सामान. आता अशी दहा पिंपं एका ओळीत जोडा. १,८०० किलो. शेजारी आणखी दहांची ओळ. ३,६०० किलो. दोन्ही ओळींवर आडव्या फळ्या ठोका. झाली तुमची पाँटून बोट, म्हणजे पोकळ तरंगत्या आधारांवरची बोट, तयार!

आणि खरोखर अशीच झाली. साल १९५२. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, तिथलं रिचमंड नावाचं छोटं गाव. अँब्रोझ वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने पोलादी पिंपं टोकाला टोक लावून वेल्ड केली, अशा दोन रांगांवर लाकडी पाट बसवला आणि तो प्रकार जवळच्या हॉर्सशू तळ्यात सोडला. तरंगला. नुसता तरंगला नाही, ओसरीसारखा स्थिर राहिला. पुढे त्याने कारखाना काढला आणि लोक त्याला ‘मिस्टर पाँटून’ म्हणू लागले.

मिनेसोटातच हे सुचावं यात नवल नाही. तिथे दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी किती? ११,८४२! रोज एक नवं तळं बघायचं ठरवलं, एकही रविवार सुट्टी घेतली नाही, तरी सगळी बघून होईपर्यंत बत्तीस वर्षं उलटतील. पहिल्या तळ्यावर कडेवर नेलेलं पोर शेवटच्या तळ्यावर स्वतःचं पोर कडेवर घेऊन येईल. आणि हे राज्य क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशापेक्षाही लहान आहे. या एका राज्यात नोंदवलेल्या बोटी आठ लाखांच्या आसपास. प्रत्येक बोट सरासरी पाच मीटरची धरा आणि एकामागे एक उभी करा. चार हजार किलोमीटरची रांग! मुंबई ते पुणे, पुणे ते मुंबई, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, असं तेरा वेळा जाऊन-येऊन झालं तरी रांग संपत नाही.

आता आजची बोट बघू. पिंपं गेली, ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या आल्या. बोटीखाली दोन नळ्या, कधी तीन. वर सपाट पाट, भोवती कठडा, आत दिवाणखान्यात शोभतील अशा गादीच्या बैठका, डोक्यावर कापडी छत, मागे टांगलेलं इंजिन. मधल्या मापाची बोट बावीस फुटांची, म्हणजे ६.७ मीटर. रुंदी साडेआठ फूट. नळीचा व्यास बहुतेक २५ इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटीमीटर.

इथे कागद-पेन्सिल हातात घ्या. आर्किमिडीज सांगून गेला की जितकं पाणी बाजूला साराल तितक्या वजनाचा आधार मिळेल. का आणि कसा, ते त्याच्यावर सोडून देऊ आणि आपण थेट आकड्यांना भिडू. त्या नळीच्या एक मीटर तुकड्यात ३१७ लिटर मावतात, आणि एक लिटर पाणी एक किलोचं, म्हणून एक मीटर नळी ३१७ किलो पेलते. चार माणसं, एका मीटरवर! नळी ६.७ मीटरची. गुणा. २,१२० किलोच्या पुढे जातो आकडा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या काठोकाठ भरल्या तर जेवढं वजन होईल, त्याहूनही जास्त. आणि ही एकच नळी झाली. दोन नळ्यांचे झाले ४,२४० किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. असे १४१ सिलिंडर! सगळी सोसायटी तरंगत निघाली म्हणा.

पण खरा धक्का पुढे आहे. एवढं उचलणारी नळी स्वतः किती जड? तिचा पत्रा साधारण अडीच मिलीमीटर जाडीचा. मीटरच्या पट्टीवर दोन-तीन रेघा, संपलं. नळीचा घेर दोन मीटर, लांबी ६.७. पत्रा भरला साडेतेरा चौरस मीटर. ॲल्युमिनियमच्या वजनाने गुणा आणि उत्तर बघा: नव्वद किलो. नव्वद! दोन माणसांनी खांद्यावर घेऊन चालावं एवढा पत्रा दोन टनांहून जास्त भार पेलतो. स्वतःच्या वजनाच्या तेवीस पट. पंचाहत्तर किलोच्या हमालाने तेवीस पट ओझं उचलायचं म्हटलं तर त्याच्या डोक्यावर पावणेदोन टन ठेवावे लागतील, पन्नास किलोच्या सिमेंटची चौतीस पोती.

हे सगळं काम आतली हवा करते. म्हणूनच नळीच्या आत आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात, प्रत्येक कप्पा स्वतंत्र बंद. खडकाला घासून एका कप्प्याला भोक पडलं तरी बाकीचे पेलत राहतात. नवख्या माणसाने बोट बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, गाद्यांचा रंग नंतर.

नळ्या पूर्ण बुडेपर्यंत मात्र कुणी बोट भरत नाही. साधारण हिशेब असा की भरलेल्या बोटीची नळी निम्मी पाण्यात, निम्मी वर. म्हणजे ४,२४० चे निम्मे, २,१२०. बोट, इंजिन, बैठका, इंधन मिळून १,२०० किलो धरा. उरले ९२०. त्याला ७५ ने भागा. बारा माणसं! बाजारात बावीस फुटी बोटीवर दहा-बारा माणसांची क्षमता लिहिलेली असते ती याच गणिताच्या आसपास येते. घरबसल्या, पेन्सिलीने, कारखान्यात न जाता आपण ते उत्तर काढलं.

आता ती बारा माणसं एकेक करून बोटीवर चढवू. पहिला पाहुणा आला, पंचाहत्तर किलोचा. बोट किती दबली? दोन्ही नळ्यांनी पाण्यावर मिळून साडेआठ चौरस मीटर जागा व्यापलेली आहे. पाहुण्याचं वजन त्या जागेवर पसरलं. बोट खाली गेली ८.८ मिलीमीटर. एक सेंटीमीटरसुद्धा नाही! करंगळीच्या नखाएवढं अंतर. बारावा पाहुणा आला तेव्हा सगळी मिळून बोट साडेदहा सेंटीमीटर दबली. अर्धी वीत. एवढी वऱ्हाडी मंडळी आली आणि बोटीने फक्त अर्धी वीत जागा करून दिली.

नळीच्या व्यासात तर याहून मोठं घबाड लपलेलं आहे. २३ इंची नळी आणि २७ इंची नळी शेजारी ठेवा. फरक फक्त चार इंच, पंजाची रुंदी. डोळ्याला जेमतेम कळतो. पण ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते आणि वर्ग आला की आकडे उड्या मारायला लागतात. ६.७ मीटरची २३ इंची नळी पेलते सुमारे १,८०० किलो. २७ इंची पेलते २,४७५. पावणेसातशे किलोंची उडी, एका नळीमागे! दोन नळ्या मिळून साडेतेराशे किलो, म्हणजे आणखी अठरा माणसांचं वजन. लांबी तीच, रुंदी तीच, रंग तोच. म्हणून जाणकार माणूस बोटीची लांबी विचारून थांबत नाही, खाली वाकून नळी मोजतो.

तिसरी नळी लावली की एकूण आधार ६,३६० किलोंवर जातो. त्या जादा ताकदीवर मोठी इंजिनं बसवतात, २०० अश्वशक्तीची, कधी त्याहूनही मोठी. आपल्याकडच्या शिवारातला नेहमीचा ट्रॅक्टर चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा. चार-पाच ट्रॅक्टर एका बैठकीच्या खोलीला जुंपलेत असं समजा.

आणि एवढं करून फिरायचं कुठे? मिझुरी राज्यातलं लेक ऑफ द ओझार्क्स घ्या. १९३१ साली ओसेज नदीवर बॅगनेल धरण पुरं झालं आणि मागे पाणी तुंबलं. किती दूर? मुख्य प्रवाहाच्या वाटेने ९२ मैल. किलोमीटर करा: १४८. मुंबई-पुणे! सायनला पाण्यात उतरायचं आणि स्वारगेटला काठाला लागायचं, एवढं लांब एक तळं. ताशी चाळीस किलोमीटरने गेलात तर पावणेचार तास. हे झालं सरळ जाणं. त्याचा किनारा मात्र शेकडो फाट्यांत, खोबणींत शिरतो आणि भरतो १,१५० मैल, म्हणजे १,८५० किलोमीटर. शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकलो होतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा कोकणकिनारा अडीच वेळा उलगडून त्या एका तळ्याभोवती गुंडाळता येईल! त्याच चाळीसच्या वेगाने काठाकाठाने निघालात तर शेचाळीस तास लागतील. दोन दिवस, दोन रात्री, न थांबता, न झोपता.

निघण्याआधी एका आकड्याची भीती बाळगावी, आणि ती मनापासून बाळगावी. तो आकडा वाऱ्याचा. बोट पाण्यात थोडी आणि हवेत जास्त. कठड्याची एक बाजू ६.७ मीटर लांब, एक मीटर उंच. झालं शीड! ताशी तीस किलोमीटरचा वारा आडवा आला की त्या बाजूवर तीस-पस्तीस किलोंचा रेटा सतत बसतो. साठचा वारा झाला तर दुप्पट नाही, चौपट, सव्वाशे किलोंच्या वर. इथेही वर्गच. म्हणून धक्क्याला लागताना नवखे चुकतात ते वाऱ्यामुळे. वारा कुठून येतोय ते आधी बघावं, हळू जावं. जाकीट प्रत्येकाच्या अंगावर असावं, बैठकीखालच्या पेटीत नव्हे. चालत्या बोटीत पुढच्या कठड्याबाहेर पाय सोडून कुणालाही बसू देऊ नये; तिथून पडलेल्या माणसावरून बोट जाते आणि मागे पंखा फिरत असतो. मुलांना हे निघायच्या आधी सांगावं, दोनदा सांगावं.

बोट इथे ठेवू आणि त्याच गणिताला आणखी मोठा भार देऊ. गिरगाव चौपाटीवरून लालबागच्या राजाला खोल पाण्यात नेणारा तराफा लाखो डोळ्यांनी पाहिलेला आहे. तोही याच कुळातला. अशी तरंगती आसनं नदीच्या या तीरापासून त्या तीरापर्यंत ओळीने लावली की पूल होतो. ही युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणच्या सम्राट झर्क्सीसने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर जहाजांचे दोन पूल घातले. हिरोडोटस आकडा देतो: एका पुलाला ३६० जहाजं, दुसऱ्याला ३१४. एकूण ६७४ जहाजं, फक्त चालत जायला!

आपल्या देशात १८७४ साली कलकत्त्याला हुगळीवर तरंगता पूल उभा राहिला. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांची रचना. लांबी १,५२८ फूट, म्हणजे ४६६ मीटर. रेल्वेचे एकवीस डबे त्यावर ओळीने मावले असते. रुंदी ६२ फूट. जहाजं आली की मधला दोनशे फुटांचा भाग सरकवून वाट मोकळी करायचे आणि पुन्हा जोडायचे. आजचा हावडा पूल १९४३ मध्ये सुरू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं, त्याने कलकत्ता आणि हावडा जोडून ठेवलं. खर्च बावीस लाख रुपये. अमेरिकेत एखादी साधी नवी पाँटून बोट आज पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात जाते. रुपयांत करा: बावीस लाख आणि वर! तेव्हाच्या एका अख्ख्या पुलाचे रुपये आज दहा-बारा जणांच्या बोटीला लागतात.

प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात असे तीस पूल होते. तीस! खाली लोखंडी पिपे दोन हजारांहून जास्त, एकेक पाच टनांच्या आसपास. नुसतं लोखंड दहा हजार टनांच्या वर. मेल-एक्स्प्रेस ओढणारं डब्ल्यूएपी-७ जातीचं विजेचं इंजिन १२३ टनांचं असतं. अशी एक्याऐंशी इंजिनं गंगेवर तरंगत होती म्हणायचं.

हा दहा हजार टनांचा आकडा लक्षात ठेवा आणि सिएटलला चला.

सिएटलजवळ लेक वॉशिंग्टन नावाचं तळं आहे. साठ मीटरपर्यंत खोल, खाली मऊ गाळाचे थर. खांब रोवणं महाकठीण. मग तिथे २०१६ साली महामार्गच तरंगत ठेवला. जगातला सगळ्यात लांब तरंगता पूल, २,३५० मीटर. चोवीस-चोवीस डब्यांच्या चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी पुढे दहा डब्यांची जागा उरते. खाली ७७ पाँटून, सगळे पोकळ काँक्रीटचे. होय, काँक्रीट तरंगतं! जागेवर धरून ठेवायला तळाशी ५८ नांगर.

त्यातले सर्वांत मोठे पाँटून एकवीस. त्यांपैकी फक्त एक बघू. लांबी ११० मीटर, रेल्वेचे पाच डबे. रुंदी २३ मीटर, क्रिकेटची खेळपट्टी आडवी ठेवून वर जागा उरते. उंची पावणेनऊ मीटरच्या जवळ, जवळजवळ तीन मजले. वजन? दहा हजार टन. कुंभातल्या तीसही पुलांच्या सगळ्या पिप्यांचं लोखंड एका पारड्यात आणि हा एक पाँटून दुसऱ्या पारड्यात, काटा मधोमध! आणि हे धूड ओढून नेताना वाटेत बॅलर्डचा जलपाश, म्हणजे बोटींची पातळी बदलणारा दारांचा कालवा, लागतो, रुंदी ८० फूट. पाँटून ७५ फुटांचा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे. एक्याऐंशी इंजिनांचं वजन, आणि कडेला दरवाजाएवढी फट.

या एका पाँटूनच्या आत किती जागा? जवळजवळ २ कोटी २० लाख लिटर. त्याने बाजूला सारलेलं पाणी किती? वजनाइतकं, म्हणजे एक कोटी लिटर. म्हणजे नुसता पाँटून बुडतो चार मीटर, निम्म्याच्याही आत. तळ्यातल्या बावीस फुटी बोटीचा निम्म्याचा हिशेब दहा हजार टनांच्या काँक्रीटलाही तसाच लागू पडतो.

त्याच्यावर एक मोटार आणा, दीड टनाची. पाँटून एकटा असता तरी किती दबला असता? अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जरा जास्त. पोस्टकार्ड सरकवायची फट. तेच १२३ टनांचं रेल्वे इंजिन ठेवा: पाच सेंटीमीटर. त्याला फक्त एक सेंटीमीटर दाबायचं तर माणसं किती लागतील? पंचाहत्तर किलोची ३३५ माणसं, सगळी एकदम.

आता एकवीसही मोठे पाँटून धरा. त्यांनी बाजूला सारलेलं पाणी एकवीस कोटी लिटर. गावातली सहा मीटर व्यासाची विहीर घ्या, दहा मीटर पाणी असलेली, चांगली भरलेली. तिच्यात पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी. अशा ७४० विहिरी! उन्हाळ्यात वाडीवर येणारा टँकर दहा हजार लिटरचा. एकवीस हजार टँकर! एकेक टँकर साडेसात मीटर लांबीचा, तोंडाला शेपूट लावून उभे करू. मुंबईपासून सुरुवात. पनवेलपर्यंत टँकर, खोपोलीपर्यंत टँकर, बोरघाट चढून लोणावळा, तळेगाव, पिंपरी, टँकरच टँकर. वीस हजारावा टँकर पुण्यात शिरला की दीडशे किलोमीटर भरले, रस्ता संपला. आणि अजून एक हजार टँकर मागे उभे आहेत, साडेसात किलोमीटरची रांग, उभं राहायला जागा नाही. यात पुलाखालचे उरलेले छपन्न पाँटून आपण मोजलेलेच नाहीत!